केळीवरचं चिलट आणि झोपेचं घड्याळ

अर्धापूर-हदगावच्या केळीपट्ट्यात अतिपिकल्या घडाभोवती लाल डोळ्यांची चिलटं घोंगावतात, ती ड्रोसोफिला. (आंबा-पेरू नासवणारी फळमाशी वेगळी.) अमेरिकेत १९७१ मध्ये कोनोप्का-बेन्झर या शास्त्रज्ञांना १९ तासांचा, २८ तासांचा दिवस जगणारी आणि दिनक्रमच नसलेली चिलटं मिळाली; तिन्ही दोष एकाच ‘पीरियड’ जनुकातले! चिलटांची पहाटेची आणि सांजेची लगबग मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशी चालवतात. झोपमोड केली तर चिलटं नंतर जास्त झोपतात, कॅफिन दिलं की जागतात. झोपेपलीकडे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबेद सिद्दिकी, व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी वास-चवीची जनुकं याच चिलटांत शोधली. चिलटांच्या दिनचक्राच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालं. माणसातही ‘पीरियड’चे भाऊबंद आहेत, त्यातलं एक जनुक बदललेल्या एका कुटुंबातल्या लोकांना संध्याकाळी साडेसातलाच झोप येते.