गॅरेजचा वास आणि थंडीतलं शटर: गिऱ्हाईक न सांगता का जातं?



मागच्या व्हिडिओत गाळा भाड्याने घेताना काय काय बघायचं ते बोललो. आज गाळा हातात आल्यानंतरचा विषय. ऐकायला साधा आहे, पण माझं पहिलं पक्कं गिऱ्हाईक याच्यामुळे गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाशिकला घराखालच्या पार्किंगमध्ये मी टू-व्हीलर सर्व्हिसिंग सुरू केलं, तो पहिलाच हिवाळा. एक दूधवाले काका दर महिन्याला गाडी आणायचे. संध्याकाळी गाडी ठेवायची आणि पहाटे साडेपाचला न्यायची, असं ठरलेलं. डिसेंबरातल्या एका पहाटे काका येऊन उभे राहिले आणि शटर वर जाईना. मी जोर लावला, काकांनी लावला, शेजारच्याला उठवून त्यानेही लावला. शेवटी एक पट्टी गाईडमधून बाहेर आली आणि शटर तिरकं अडकलं. शटरवाला आला अकराला. काकांचं दूध त्या दिवशी रिक्षाने गेलं. ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण परत आलेही नाहीत.

बीबीएला 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' हा प्रश्न मी पाच मार्कांना लिहून आलो होतो. तो खरा कळला तो त्या दिवशी.

थंडीत शटर का अडकतं?

'थंडीने लोखंड आकसतं' असं सगळे सांगतात. हिशोब करून बघा. दहा फुटी शटर आणि तापमानात २० अंशांचा फरक धरला, तरी लोखंड एक मिलिमीटरसुद्धा आकसत नाही. खरी भानगड गाईडमध्ये असते. पावसाळ्यात तिथे माती आणि गंज साठतो. त्यावर आपण 'जरा मऊ चालावं' म्हणून ग्रीस नाहीतर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल फासतो. त्याला धूळ चिकटते आणि काळा चिखल तयार होतो. ऊन असेपर्यंत तो निभावून नेतो. नाशिक-निफाडसारख्या थंडीत पहाटे तोच घट्ट होऊन बसतो. वरून दव पडतं आणि गंज वाढतो.

म्हणून दसऱ्याच्या आधी हे करून घ्या:

१. दोन्ही बाजूंचे गाईड जुन्या ब्रशने वरपासून खालपर्यंत झाडा. घट्ट बसलेला थर स्क्रूड्रायव्हरने खरवडा. थोडं डिझेल लावलेल्या फडक्याने पुसा आणि नंतर कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा.

२. गाईडमध्ये ग्रीस नको, जळकं ऑइल तर अजिबात नको. सिलिकॉन स्प्रे मारा. तो धूळ कमी धरतो.

३. कुलुपात तेल ओतू नका, त्यालाही धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीला लावून किल्ली दोन-चारदा फिरवा.

४. शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हळूच सैल करा. पाय खाली ठेवू नका. शटर बऱ्यापैकी जागेवर थांबायला हवं. धाडकन खाली येत असेल किंवा स्वतःहून वर पळत असेल, तर स्प्रिंगचं काम आहे.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. स्प्रिंगला स्वतः हात लावायचा नाही. शटर खाली असताना ती सगळ्यात जास्त ताणलेली असते. चुकीचा बोल्ट सैल केलात तर हात जाईल, नाहीतर डोळा. तिथे शटरवालाच हवा. तो आला की वरच्या शाफ्टच्या बेअरिंगला ग्रीसही त्याच्याकडूनच भरून घ्या.

पहाटे शटर जड लागलं तर तीन माणसांनी हिसका मारायचा नाही. आमची पट्टी त्यानेच निघाली. दोन्ही टोकांना सारखा जोर लावून हळूहळू वर-खाली हलवा.

आता वासाकडे या

वासाची गंमत अशी की तो मालकाला येतच नाही. रोज आत बसलो की दहा-पंधरा मिनिटांत नाक त्याला सरावतं. मलाही कधी आला नव्हता. एक ताई स्कूटर घेऊन आल्या आणि ओढणी नाकाला लावून बाहेरच उभ्या राहिल्या. इस्टिमेट रस्त्यावरूनच ऐकलं आणि 'विचार करून सांगते' म्हणून गेल्या. मला वाटलं, रेट जास्त सांगितला!

तेव्हापासून मी सकाळी शटर उघडल्या उघडल्या दारातच थांबतो आणि पहिला श्वास नीट घेतो. गिऱ्हाइकाला काय येतं, ते तेवढ्या एकाच श्वासात कळतं. वास ओळखता आला की कारणही सापडतं:

गटारासारखा: जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी असतं, ते गटाराचा वास अडवतं. वापर नसेल तर ते पाणी सुकतं आणि वास सरळ वर येतो. एक बादली पाणी ओता. ती मोरी रोज वापरात नसेल तर वरून दोन चमचे खायचं तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

कुबट: भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे खोके. ते भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून उंच, फळीवर ठेवा. पावसाळ्यात ओले झालेले खोके भंगारात द्या, सुकवून वापरू नका.

मेलेल्या उंदराचा: शटरखाली अर्ध्या इंचाची फट असली तरी उंदीर येतो. खालच्या पट्टीला रबर लावून घ्या. औषध टाकलं की उंदीर रॅकच्या मागे जाऊन मरतो आणि मग सगळा माल उपसावा लागतो. त्यापेक्षा पिंजरा बरा.

ऑइलचा: सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, शोषला की झाडून घ्या. तो भुसा आणि ऑइलच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा आणि डबा आठवड्याला रिकामा करा. जळकं ऑइल गटारात सोडू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे, अधिकृत रिसायकलरकडेच द्यायचा.

सडक्या अंड्यासारखा: बॅटरी जास्त चार्ज होतेय. पहिल्यांदा चार्जरचा स्विच बंद करा, मग दार उघडा. बॅटरीतून हायड्रोजनही निघतो, जवळ ठिणगी नको.

पेट्रोलचा: याच्यावर जरा थांबू. वास मारायला मी रोज अगरबत्ती लावायचो. एकदा सकाळी देवासमोर काडी ओढणार, तेवढ्यात आमचा पोरगा ओरडला, "दादा, थांबा!" रात्री उभ्या केलेल्या एका गाडीचा कार्ब्युरेटर गळत होता आणि खाली पेट्रोल पसरलं होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते. मी वासावर वास चढवत होतो, म्हणून मला पेट्रोल कळलंच नाही. तेव्हापासून दुकानात रूम फ्रेशनरही ठेवत नाही. वास लपवायचा नाही, शोधायचा. चहासाठी आत सिलिंडर असेल तर तेच. गॅसचा वास आला तर कुठल्याही स्विचला हात न लावता शटर उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

आणि ज्याला वासच नाही: गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. थंडी वाजते म्हणून शटर अर्धं ओढून इंजिन चालू ठेवायची सवय आजच मोडा. डोकं दुखतं, चक्कर येते आणि माणूस समजतो झोप झाली नाही. ट्यूनिंगचं काम शटर पूर्ण उघडं ठेवून किंवा बाहेरच करायचं.

एवढं वेळापत्रक भिंतीवर लावा

रोज: दारातला पहिला श्वास.
आठवड्याला: चिंध्यांचा डबा रिकामा, ट्रॅपमध्ये पाणी.
महिन्याला: गाईड झाडणं, खोक्यांमागे एक नजर.
वर्षाला: खंडेनवमीच्या आधी शटरवाल्याला बोलावून स्प्रिंगची तपासणी.

खंडेनवमीला आपण पाने-हत्यारांची पूजा करतो, शटरला झेंडूची माळही बांधतो. माळ बांधण्याआधी गाईड साफ करा, ही पण पूजाच आहे.

तुम्ही म्हणाल, दादा, आमचं गॅरेज नाही, आमचं किराणा आहे, टेलरिंग आहे. शटर तर आहे ना? मोरी तर आहे ना? गिऱ्हाईक रेटवर भांडतं, उधारीवर भांडतं, तेव्हा आपल्याला निदान कळतं तरी. वासावर आणि बंद शटरवर ते भांडत नाही, शेजारच्या दुकानात जातं.

या आठवड्याचा गृहपाठ: उद्या सकाळी तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला दुकानाच्या दारात उभं करा आणि विचारा, "कसला वास येतोय?" उत्तर काहीही आलं तरी राग धरू नका. कारण शोधा आणि त्याच दिवशी कामाला लागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!