जुनी स्पोर्ट्स कार : पाण्यात म्हैस, बाहेर मोल

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी एक जुनी मराठी म्हण आहे. म्हैस पाण्याबाहेर येत नाही तोवर तिचे पाय, कास आणि अंगावरच्या जखमा दिसत नाहीत. म्हणून काठावर उभे राहून तिचा सौदा करू नये, एवढाच तिचा अर्थ. गुरांच्या बाजारातले हे शहाणपण संगणकाच्या पडद्यावर भरणाऱ्या गाड्यांच्या बाजारालाही तंतोतंत लागू पडते. अमेरिकेत २००० साली ‘ईबे मोटर्स’ सुरू झाले आणि २०१४ पासून ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या संकेतस्थळावर लिलाव होऊ लागले. शेकडो मैलांवरची जुनी स्पोर्ट्स कार प्रत्यक्ष न पाहता, केवळ छायाचित्रांच्या भरवशावर विकत घेणे ही तेथे आता नित्याची बाब झाली आहे. गाडी ट्रकवरून दारात उतरते, तिचा रंगही चित्रातल्याइतकाच चकचकीत असतो. मात्र पुढच्या काही आठवड्यांत मेकॅनिकच्या रॅम्पवर तिचे खरे रूप उघड होते आणि खरेदीइतकाच खर्च दुरुस्तीवर होण्याची वेळ येते.

अशा प्रत्येक व्यवहारात विक्रेत्याने लबाडी केलेलीच असते, असे मानण्याचे कारण नाही. अनेकदा आतला दोष त्यालाही ठाऊक नसतो. छायाचित्र दाखवते ते फडक्याने पुसता येणारे भाग. गाडी बंद पाडणारे भाग मात्र कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर असतात. फसगतीचे मूळ येथेच आहे.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या दोन गाड्यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९९६ साली ‘बॉक्स्टर’ आली आणि पुढच्याच वर्षी ‘९११’ या प्रख्यात गाडीची ‘९९६’ या सांकेतिक क्रमांकाची नवी पिढी अवतरली. १९६३ पासून हवेने थंड होणारे इंजिन वापरणारी ‘९११’ या पिढीत प्रथमच पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर धावू लागली. अमेरिकेत तेव्हा बॉक्स्टरची मूळ किंमत सुमारे ४० हजार डॉलर, तर ‘९११ कॅरेरा’ची सुमारे ६५ हजार डॉलर होती. आज यांतील अनेक गाड्या मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतात. साध्या कौटुंबिक मोटारीच्या पैशात पोर्शे मिळते, हा मोह साहजिक आहे.

परंतु गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. क्लच, ब्रेक, रेडिएटर, सस्पेन्शन यांची बिले आजही ६५ हजार डॉलरच्या गाडीला शोभतील अशीच येतात. पहिला मालक ती निमूटपणे भरतो. दुसरा थोडी चालढकल करतो. तिसऱ्या-चौथ्या मालकाने गाडीच मुळी स्वस्तात घेतलेली असते. त्याला एकेका कामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने अवाजवी वाटतो आणि काम पुढे ढकलले जाते. अशी थकलेली कामे साचत जातात आणि शेवटी एके दिवशी गाडीच विक्रीला निघते. म्हणजे जाहिरातीत छापलेली रक्कम ही गाडीची पूर्ण किंमत नसतेच. थकलेल्या देखभालीचे देणेही नव्या मालकाच्या नावे जमा होत असते. स्वस्त गाडी आणि महाग गाडी यांच्यातील फरक पुष्कळदा याच देण्याएवढा असतो.

एका लहानशा बेअरिंगची गोष्ट

‘एम९६’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनात ‘इंटरमीडिएट शाफ्ट’ नावाचा एक दांडा असतो. क्रँकशाफ्टची गती साखळीद्वारे या दांड्याला मिळते आणि तेथून ती पुन्हा साखळ्यांद्वारे झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचते. दांड्याचे क्लचकडील टोक ज्या बॉल बेअरिंगवर फिरते, ते ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेले असते. काळाच्या ओघात बंदिस्तपणा कमी होतो, ग्रीस वाहून जाते, इंजिनातील तेल थोडेफार आत शिरते आणि तेथेच साचून राहते. ताज्या तेलाचा पुरवठा नसल्याने गोळ्या झिजू लागतात. बेअरिंग तुटले की दांडा डगमगतो, साखळीचा मेळ चुकतो, झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन निकामी होते. एवढ्याशा वस्तूपायी गाडीच्या किमतीएवढे नुकसान होते ते असे.

हा दोष सर्व गाड्यांत सारखा नाही. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचे बेअरिंग होते, नंतरच्यांत एकेरी रांगेचे आले. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्यांबाबत अमेरिकेतील मालकांनी २०११ मध्ये सामूहिक दावा दाखल केला व तो पुढे तडजोडीने मिटला. या दाव्याच्या निमित्ताने पुढे आलेल्या आकड्यांनुसार एकेरी बेअरिंग निकामी होण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर दुहेरीचे १ टक्क्याहून कमी होते. २००६ च्या सुमारास मोठे बेअरिंग आले. ते अधिक टिकाऊ ठरले, परंतु इंजिन पूर्ण उघडल्याखेरीज ते बदलता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनातून हा दांडाच वगळण्यात आला. याच काळातील ‘९११ टर्बो’ व ‘जीटी३’ यांचे इंजिन वेगळ्या रचनेचे असल्याने त्यांना हा धोका नाही.

शंभरातील नव्वदहून अधिक गाड्यांना काहीच होत नाही, मग एवढी चिंता कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. धोका लहान असला तरी नुकसान संपूर्ण आहे आणि त्याची पूर्वसूचना अनेकदा मिळत नाही. तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे चमकते कण सापडणे ही त्यातल्या त्यात विश्वसनीय खूण. पण फिल्टर कापून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज बेअरिंगपर्यंत पोहोचता येत नसल्याने ते सहसा क्लचच्या कामाबरोबरच बदलतात. म्हणून जाहिरातीतील ‘देखभाल चोख’ या दोन शब्दांपेक्षा ते काम झाल्याची तारखेची पावती अधिक मोलाची.

सिलिंडरवरचे ओरखडे

याच इंजिनाचे दुसरे दुखणे अधिक छुपे आहे. त्यातील सिलिंडरची आतील भिंत सिलिकॉनचे कण मिसळलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि पिस्टनवर संरक्षक लेप असतो. हा लेप झिजला की धातूवर धातू घासून सिलिंडरवर उभे ओरखडे उमटतात. गाडी तेल पिऊ लागते, इंजिनातून टकटक आवाज येतो, सायलेन्सरच्या एका बाजूच्या तोंडाशी दुसरीपेक्षा अधिक काजळी धरते. पण तेल नुकतेच बदललेले असेल आणि सायलेन्सरची तोंडे घासून लख्ख केलेली असतील, तर छायाचित्रात यातले काहीही दिसत नाही. निदानाचा खात्रीचा मार्ग म्हणजे बारीक कॅमेरा असलेला ‘बोअरस्कोप’ सिलिंडरमध्ये घालून पाहणे.

प्रत्येक गाडीचे दुखणे निराळे

एका गाडीला लागू पडणारी कसोटी दुसरीला लागू पडतेच असे नाही. २००३ ते २०१२ या काळात निघालेल्या ‘माझदा आरएक्स-८’ला पिस्टनच नाहीत; तिच्या इंजिनात त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांवरील पट्ट्या झिजल्या की इंजिनाचा दाब कमी होतो. असे इंजिन थंड असताना सुरळीत चालू होते, मात्र तापल्यावर एकदा बंद केले की पुन्हा चालू होण्यास कुरकुर करते. विक्रेत्याने सकाळी गाडी सुरू करतानाची चित्रफीत पाठवली, तर ती खरी असूनही निरुपयोगी ठरते. पोर्शेच्या बाबतीत मात्र नेमकी थंड इंजिनाची सुरुवातच ऐकावी लागते.

‘बीएमडब्ल्यू एम३’च्या ‘ई४६’ पिढीत मागील ॲक्सल ज्या पत्र्याला जोडलेला असतो त्या पत्र्याला तडे जातात. ते गाडी उंच चढवून खालून पाहिल्यावरच कळतात. ‘फेरारी एफ३५५’मध्ये टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन बाहेर काढावे लागते. हा बेल्ट गाडी धावो वा न धावो, वर्षांच्या हिशेबाने बदलावाच लागतो.

यातूनच आणखी एका गैरसमजाकडे लक्ष वेधले जाते. कमी धावलेली गाडी चांगली, असे सर्वसाधारण मत आहे आणि लिलावात तिलाच चढी बोली लागते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीचे रबरी पाइप व सील कडक होतात, टाकीतील पेट्रोल खराब होते, तेलात ओल साचते. नियमित चालवलेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी मीटरवर अधिक आकडा दाखवत असूनही अधिक भरवशाची असू शकते.

काय मागावे, काय पाहावे

पैसे देण्यापूर्वी त्या विशिष्ट गाडीची कामे नेहमी करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेणे, हा यावरील सर्वांत प्रभावी उपाय. विक्रेत्याच्याच गावात असा मेकॅनिक शोधता येतो. खर्च काही शे डॉलर येतो. गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा पाहणे, तेलगळती शोधणे, दाब मोजणे, बोअरस्कोप घालणे ही कामे त्यात सांगून करवून घ्यावीत. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनमध्ये व अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत खालून गंज लागलेल्या गाड्या मुबलक असतात, हेही लक्षात ठेवावे.

घरबसल्या करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. टायर गाडीच्या मानाने नको तितके जुने असतील, तर मालकाच्या देखभालीचा अंदाज येतो. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरावरून तिच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. दरवर्षीचा मीटरचा आकडा आणि निरीक्षकाचे शेरे त्यात असतात. अमेरिकेत ‘कारफॅक्स’सारखे अहवाल मिळतात, परंतु त्यांत कोणीतरी नोंदवलेलीच माहिती येते, सिलिंडरवरचे ओरखडे कोणी नोंदवत नाही. गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी विक्रीपूर्वी पुसण्याची युक्तीही जुनीच आहे. मात्र नोंदी पुसल्या की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ अशा दिसतात. जाणकार मेकॅनिक ते पाहताच सावध होतो.

कायद्याचे संरक्षण किती?

व्यवहार बिघडल्यावर कायदा मदतीला येईल, ही आशा बहुधा फोल ठरते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही. ती वर्णनाबरहुकूम असावी, एवढेच बंधन त्याच्यावर असते. अमेरिकेत व्यापाऱ्याला गाडीच्या काचेवर हमी आहे की गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जात आहे, हे लिहून लावावे लागते. काही राज्ये अशा विक्रीस मज्जाव करतात, पण काचेवरील सूचनेचा हा नियम खासगी विक्रेत्याला लागू नाही. ‘ग्राहका, सावध राहा’ हे इंग्रजी कायद्यातील जुने तत्त्व भारतातही १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ मधून आले आहे. परदेशातील अशी गाडी भारतात आणण्याचा मार्गही जवळपास बंदच आहे. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी व तिचे स्टीअरिंग उजवीकडे असावे, अशी अट आहे. तेव्हा हा मोह प्रामुख्याने अमेरिका-ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या वाट्याला येणार.

त्यांनी मोहच धरू नये, असे मात्र नव्हे. या गाड्या चालवण्याचा आनंद खरा आहे आणि योग्य ती गाडी वर्षानुवर्षे तो देत राहते. त्यासाठी हातातील सगळी रक्कम खरेदीतच घालू नये; थकलेल्या कामांसाठी काही पैसा आधीच बाजूला काढावा आणि तपासणीचा खर्च हा वायफळ नसून खरेदीचाच पहिला हप्ता समजावा. तपासणीनंतर सौदा मोडला, तरी ते काही शे डॉलर वाया गेले असे होत नाही. आणि विक्रेत्याने तपासणीलाच नकार दिला, तर गाडीविषयी जे जाणून घ्यायचे होते ते त्या नकारातून पुरेसे कळलेले असते.