भिडू हवा, पण कोणता?

लगोरीचा किंवा कबड्डीचा डाव मांडताना भिडू कसे वाटून घेतले जात, हे बहुतेक वाचकांना आठवत असेल. दोन चांगले खेळणारे 'राजे' होत. बाकीची मुले आपल्याच ताकदीचा एकेक जोडीदार पाहून बाजूला जात, कुजबुजत दोन टोपणनावे ठरवीत आणि परत येऊन विचारीत, सूर्य हवा की चंद्र? कोण सूर्य आणि कोण चंद्र, हे राजाला ठाऊक नसे. तो एक नाव घेई आणि दुसरा भिडू आपोआप समोरच्या राजाकडे जाई. अशा रीतीने दोन्ही संघ साधारण सारख्या बळाचे होत. नव्या औषधाची चाचणी घेतानाही काही वेळा सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून, त्यांतल्या कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतात. मुलांनी हे तत्त्व कोणत्याही पुस्तकावाचून अमलात आणले होते.

आता मुलांना एका वेगळ्या डावासाठी भिडू लागू लागले आहेत. हा डाव खेळ खेळण्याचा नाही, संगणकावरचा खेळ बनवण्याचा आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींना असा खेळ स्वतः करून पाहण्याची हौस असते. 'स्क्रॅच' २००७ साली आले, 'गोडॉट' २०१४ साली सर्वांसाठी खुले झाले. दोन्ही साधने फुकट मिळतात आणि त्यांच्यासाठी फार भारी संगणक लागत नाही. म्हणजे साधनांची अडचण बरीचशी दूर झाली आहे. तरीही बहुतेक खेळ अर्ध्यावर पडतात. आमच्या मते याचे एक मोठे कारण असे, की या डावासाठीही मुले कबड्डीप्रमाणेच, म्हणजे आपल्यासारखाच भिडू शोधतात.

खेळ बनवण्याच्या या हौशी मेळाव्यांना 'गेम जॅम' म्हणतात. जॅम हा शब्द संगीतातून आला. वादक पूर्वतयारीशिवाय एकत्र जमतात आणि वाजवू लागतात, तसेच हे. अमेरिकेत ओकलंड येथे मार्च २००२ मध्ये असा एक मेळावा झाला, त्यात जमलेले बहुतेक लोक प्रोग्रॅम लिहिणारे होते. पुढे २००९ च्या जानेवारीअखेरीस 'ग्लोबल गेम जॅम' सुरू झाला. पहिल्याच वर्षी २३ देशांतील ५३ ठिकाणी एकाच शनिवार-रविवारी लोक जमले. तेव्हा शुक्रवारी सायंकाळी विषय जाहीर होई आणि ४८ तासांत खेळ तयार करायचा असे. २०१३ साली विषय म्हणून शब्दही दिला नव्हता, नुसता हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता! विषय कळल्यावर ज्याला कल्पना सुचते तो पुढे येऊन ती मांडतो आणि ज्यांना ती पटते ते त्याच्याभोवती गोळा होतात. चित्रकार, संगीतकार आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकाच सभागृहात बसलेले असल्यामुळे हे जमते. धुळ्याच्या संगणक प्रयोगशाळेत मात्र सगळे एकाच जातकुळीचे असतात.

एका खेळाला कायकाय लागते, ते एका उदाहरणाने पाहू. सावदा आणि रावेर स्थानकांवरून केळी रेल्वेने दिल्लीकडे जात, हे खानदेशात लहान मुलालाही ठाऊक असते. समजा, यावर खेळ करायचा आहे. खेळणाऱ्याने घड निवडून वाघिणी भरायच्या आणि गाडी पोहोचेपर्यंत माल टिकवायचा. यात विज्ञान भरपूर आहे. पिकणाऱ्या केळ्यातून एथिलीन वायू बाहेर पडतो आणि तो शेजारच्या कच्च्या केळ्यांनाही पिकवू लागतो. म्हणजे एक पिकलेला घड चुकून आत गेला तर सारी वाघीण धोक्यात. थंड ठेवावे म्हटले तर साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याला थंडी बाधते आणि साल काळवंडते. आता कामे मोजा. एथिलीन किती वेगाने पसरावा, चूक केल्यास किती दंड व्हावा, खेळ कंटाळवाणा होऊ नये पण अशक्यही होऊ नये, हे नियम कोणीतरी बसवायला हवेत. ते नियम प्रोग्रॅममध्ये उतरवायला हवेत. कच्चे, गदरलेले आणि पिकलेले केळे नजरेला चटकन वेगळे ओळखू यावे असे काढायला हवे, आणि हे वाटते तितके सोपे नाही. इंजिनाची शिट्टी आणि हमालांची गडबड ऐकू यायला हवी. शेवटी, यांपैकी काहीच न केलेल्या माणसाने तो खेळून पाहायला हवा. करणाऱ्याला स्वतःचा खेळ नेहमीच सोपा वाटतो.

चित्राला आम्ही दुय्यम मानत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. पहाडी लघुचित्रांच्या धर्तीवर रंगवलेल्या भिंती आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा यांमुळे तो इतर शेकडो खेळांत उठून दिसला.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील पाच विद्यार्थी आमच्याकडे आले होते. पाचही जण संगणक शाखेचे, पाचही हुशार. खेळ होता हा केळ्यांचाच. दोन महिन्यांत त्यांनी प्रोग्रॅम तीनदा नव्याने लिहिला होता, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची पद्धत चुकीची वाटत होती. पडद्यावर केळ्याच्या जागी पिवळा चौकोन होता. पुढे दोघे फुटून तिसऱ्याबरोबर गेले, मग त्यांतला एक परत आला आणि शेवटी कोणीच कोणाशी बोलेनासे झाले. आम्ही तेव्हा याला स्वभावदोष समजलो. नंतर ध्यानात आले, की यामागे एक गणितही आहे.

अ, ब, क आणि ड असे चार विद्यार्थी घ्या. त्यांना दोन-दोनच्या जोड्या करायच्या आहेत. अ-ची पसंती आधी ब, मग क. ब-ची आधी क, मग अ. क-ची आधी अ, मग ब. ड हा तिघांच्याही यादीत शेवटचा आहे. ड-ची पसंती काहीही असो. अ-ब आणि क-ड अशा जोड्या लावल्या, तर ब-ला अ-पेक्षा क बरा वाटतो आणि क-ला ड-पेक्षा ब बरा वाटतो. ते दोघे आपली जोडी मोडून एकत्र येतील. आता ब-क आणि अ-ड राहिले. पण क-ला ब-पेक्षा अ हवा आहे आणि अ-ला ड-पेक्षा क चालेल. हीही जोडी मोडली. उरले अ-क आणि ब-ड. यातून अ आणि ब एकत्र येतील आणि आपण पुन्हा सुरुवातीला पोहोचू! जोड्या लावण्याचे प्रकार तीनच होते आणि तिन्ही टिकत नाहीत. फळ्यावर हे पाच मिनिटांत करून दाखवता येते. नववीच्या वर्गालाही ते समजते आणि ड-बद्दल वर्गाला वाईट वाटते, हा आमचा अनुभव आहे.

हे उदाहरण डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ सालच्या एका छोट्या लेखातले आहे. त्याच लेखात त्यांनी दुसरीही गोष्ट सिद्ध केली. माणसे एकाच गटातली नसून दोन वेगळ्या बाजूंची असतील, म्हणजे एकीकडे प्रोग्रॅम लिहिणारे आणि दुसरीकडे तितकेच चित्रकार असतील, तर पसंतीच्या याद्या कशाही असोत, टिकाऊ जोड्या नेहमी लावता येतात. रीत अशी: प्रत्येक प्रोग्रॅमवाला आपल्या पहिल्या पसंतीच्या चित्रकाराला विचारतो. चित्रकार आलेल्यांपैकी सर्वांत बऱ्याला तूर्त थांबवून ठेवतो आणि बाकीच्यांना नकार देतो. नकार मिळालेला आपल्या यादीतल्या पुढच्याकडे जातो. अधिक चांगला कोणी आला तर चित्रकार आधीच्याला सोडू शकतो. एकाच माणसाला दोनदा विचारायचे नसल्यामुळे ही फेरी कधीतरी संपतेच, आणि संपल्यावर उरलेल्या जोड्यांत एकमेकांकडे पळून जावेसे वाटणारे दोघे सापडत नाहीत. याच प्रवाहातील कामाबद्दल शॅप्ली यांना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संगीतकाराची तिसरी बाजू आली की ही हमी पुन्हा जाते, हेही सांगितले पाहिजे. खरी माणसे यादी करून पसंती ठरवत नाहीत, हे तर आहेच. तरीपण एकाच प्रयोगशाळेतील पाच जणांची फाटाफूट ही केवळ त्यांच्या स्वभावाची गोष्ट नव्हती, एवढे यावरून कळते.

मग दुसऱ्या बाजूचा माणूस कुठे शोधायचा? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली बॉस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ही माहिती देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्यांकडून माहिती मिळालेले फक्त १६.७ टक्के निघाले. कधीमधी भेटणाऱ्यांकडून मिळालेले ५५.६ टक्के, तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून मिळालेले २७.८ टक्के होते. नमुना अवघ्या ५४ जणांचा होता, तेव्हा दशांश चिन्हापुढच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. परंतु २०२२ साली दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही मध्यम विरळ ओळखीच नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी ठरल्या. कारण साधे आहे. जिवलग मित्राला जी माणसे ठाऊक असतात ती बहुधा आपल्यालाही ठाऊक असतात. अधूनमधून भेटणारा माणूस मात्र दुसऱ्या वर्तुळात वावरतो.

लहान गावात अशी वर्तुळे नसतात, हा समज चुकीचा आहे. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासएक किलोमीटरवर, नाशिक जिल्ह्यात, यंत्रमागांचे मालेगाव आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. पुढे त्यांनी 'सुपरमॅन' करायला घेतला. त्यात नायक झाला यंत्रमागावर काम करणारा एक कामगार, शफीक शेख. कॅमेरा सरकवायला सायकल वापरली आणि उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी. हे सारे फैज़ा अहमद खान यांच्या २००८ सालच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पाहायला मिळते. वर्गात दाखवावा असा तो आहे. मालेगावातील ही माणसे चित्रपटाची शाळा शिकलेली नव्हती. पण लिहिणारा, हुबेहूब नक्कल करणारा, कॅमेरा धरणारा असे वेगवेगळे हात त्याच गल्ल्यांमध्ये निघाले. व्हिडिओ पार्लरमध्ये सगळ्या थरांतली माणसे येतात, ही नासिर यांची खरी सोय होती असे आम्हाला वाटते.

शाळेत ही सोय शिक्षकांकडे असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना कोण बसले आणि कोणाचा हात खरोखर चांगला, हे चित्रकलेच्या शिक्षकांना तोंडपाठ असते. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला ते कळण्याचा काही मार्ग नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, लग्नसराईत बँडमध्ये कॅसिओ वाजवणारा, वहीगायनाच्या मंडळात बसणारा, अहिराणीत गोष्ट रंगवून सांगणारी एखादी आजी, यांच्यापैकी कोणाला 'गेम जॅम' हा शब्द माहीत असणार नाही. त्यांना विचारायचे ते त्यांच्या भाषेत: केळ्याची बारा चित्रे हवी आहेत, काढाल का?

विचारताना हातात काहीतरी असावे. 'माझ्याकडे भन्नाट कल्पना आहे' असे म्हणणारे पुष्कळ असतात, त्यामुळे त्या वाक्याने कोणी येत नाही. एकच वाघीण भरता येणारा, पिवळ्या चौकोनांचा का होईना पण चालणारा नमुना दाखवला, तर समोरच्याला दोन गोष्टी कळतात: हा मनुष्य काम पुरे करतो, आणि आपले चित्र नेमके कुठे बसणार. किती दिवसांचे काम आहे, काय झाले आहे, काय उरले आहे आणि खेळ कोणाच्या नावावर राहील, हे एका कागदावर लिहून द्यावे. शेवटचा मुद्दा मैत्रीत काढायला संकोच वाटतो, पण वाद त्यावरूनच होतात. पहिल्याच भेटीत सहा महिन्यांचा शब्द घेऊ नये. एका रविवारचे काम एकत्र करून पाहावे.

किती जण असावेत? प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागते असे धरले, तर तीन जणांत ३ दुवे होतात, चार जणांत ६, सहा जणांत १५ आणि दहा जणांत ४५. आय.बी.एम.मध्ये प्रचंड आज्ञावलीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहिले, की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच लांबते. त्याचे एक कारण हे दुवे. हौशी खेळाला आमच्या मते तीन किंवा चार जण पुरे. २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये संघ सहा जणांचा आणि त्यात किमान एक मुलगी हवी असा नियम आहे. मुलींबाबतचा नियम चांगलाच आहे. पण सारे एकाच महाविद्यालयाचे असावे लागतात, त्यामुळे अभियांत्रिकीच्या संघात कला महाविद्यालयातला चित्रकार येऊ शकत नाही. हौशी खेळाला असे बंधन नाही.

रात्रभर जागण्याचेही बंधन नाही. अनेक मुलींना ४८ तास घराबाहेर राहता येत नाही आणि शेवटची एसटी गाठायची असणाऱ्या मुलांनाही नाही. सहा रविवार, दर वेळी आठ तास, म्हणजेही ४८ तासच होतात. ग्लोबल गेम जॅमने स्वतः २०२१ साली महासाथीमुळे सगळा मेळावा घरोघरी बसून घेतला होता. जळगाव आणि धुळे यांत सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर आहे. दर आठवड्याला जाणे-येणे जमणारे नाही, पण चित्रे आणि आवाज मोबाइलवरून पाठवता येतात.

त्या पाच जणांपैकी एक पुढच्या वर्षी पुन्हा आला. त्याने आपल्या जुन्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना गाठले होते. सरांनी बारावीतल्या एका मुलीचे नाव सुचवले. तिच्या वडिलांनी पहिले दोन रविवार स्वतः येऊन बसण्याची अट घातली आणि तो वेळ त्यांनी खेळ खेळून पाहण्यात घालवला. ते केळीच्या व्यापारातले निघाले. गदरलेल्या केळ्याचा रंग चुकला आहे आणि देठाकडचा हिरवा सर्वांत शेवटी जातो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. मुलीने बारा चित्रे पुन्हा काढली.