जे लिहिले नाही, ते पुसले जाते!

वाचकहो, आज संगणकावर काम शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींशी थोडे बोलायचे आहे. पालकांनीही हे वाचावे. कारण विषय संगणकाचा असला तरी प्रश्न माणसाचाच आहे.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावच्या अभ्यासिकेसाठी त्याने एक छोटे सॉफ्टवेअर तयार केले. कोणत्या सभासदाकडे कोणते पुस्तक आहे, कधी परत येणार, उशीर झाला तर दंड किती, एवढाच त्याचा पसारा. गेल्या वर्षी त्याने कोड लिहिणारा एआय मदतनीस हाताशी घेतला आणि एका संध्याकाळी त्याला सांगितले, ‘दंडाच्या हिशेबात चूक येते, दुरुस्त कर.’ मदतनीसाने चूक दुरुस्त केली. पण सोबत एक ओळ ‘अनावश्यक’ समजून काढून टाकली. ती ओळ काय होती? ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलांना नोव्हेंबर ते मार्च दंड लावायचा नाही, हा अभ्यासिकेचा निर्णय त्या ओळीत होता. परिणाम असा झाला की फडावरून परतलेल्या तीन मुलांच्या नावावर दंड निघाला. त्यातली एक मुलगी पुस्तक परत करायलाच येईना.

‘मामा, मशीनने घोळ केला,’ भाचा म्हणाला. मी विचारले, ‘ती सवलत का आहे, हे तू कुठे लिहून ठेवले होतेस?’ तो गप्प झाला. निर्णय बैठकीत झाला होता आणि सर्वांना तोंडपाठ होता. पण कागदावर कुठेच नव्हता.

येथेच खरी मेख आहे. 2021 साली गिटहबने ‘कोपायलट’ आणला, तेव्हा तो प्रामुख्याने पुढची ओळ सुचवत असे. 2025 पासून ‘क्लॉड कोड’सारखे मदतनीस सबंध प्रकल्प वाचतात, फाईली बदलतात, कमांड चालवतात. ताकद वाढली, परंतु नवे संभाषण सुरू झाले की कालचे बोलणे बहुधा त्यांच्यासमोर नसते. समोर असते ते मुख्यतः फोल्डरमधले. म्हणून प्रकल्पाच्या मुळाशी सूचनांची एक साधी फाईल ठेवण्याची पद्धत पडली आहे. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ नावाची फाईल आपणहून वाचतो. इतर अनेक मदतनीस ‘एजंट्स डॉट एमडी’ वाचतात.

या फाईलीत काय लिहावे? प्रकल्प कोणासाठी आहे, तो चालवायची आणि तपासायची कमांड कोणती, कोणत्या फाईलींना हात लावायचा नाही आणि कोणता नियम कशासाठी आहे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘काय’ हे मदतनीसाला कोडमधून कळते. ‘का’ हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. फाईल आटोपशीर ठेवा. पाल्हाळ लावले तर कामाची सूचना गर्दीत हरवते. मराठीत लिहिली तरी चालते.

पण केवळ फाईल लिहून निर्धास्त राहू नका! ती सूचना आहे, कुलूप नव्हे. मदतनीस ती विसरू शकतो, तिचा चुकीचा अर्थ लावू शकतो. कुलूप म्हणजे चाचणी. भाच्याने आता एक चाचणी लिहिली आहे: ऊसतोडीला गेलेल्या सभासदाचा डिसेंबरचा दंड शून्यच आला पाहिजे. ती ओळ पुन्हा कोणी काढली, माणसाने वा मशीनने, तर चाचणी चालवताक्षणी लाल अक्षरे दिसतात.

दुसरे, काम सुरू करण्यापूर्वी ‘गिट’मध्ये कमिट करा. गिट 2005 पासून फुकट उपलब्ध आहे. बिघडले तर मागे जाता येते. तिसरे, मोठे काम असेल तर आधी आराखडा मागा, तो वाचा, मगच कोड लिहू द्या. आणि बदललेली प्रत्येक ओळ स्वतः वाचा. चौथे, पासवर्ड, सभासदांचे मोबाईल क्रमांक, जातीचे दाखले त्या फोल्डरमध्ये ठेवू नका. मदतनीस जे वाचतो ते बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. कामासाठी खोटी नावे वापरा. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आपल्या मालकीची नसते.

कोणी म्हणेल, मशीनच कोड लिहिणार, तर आमच्या पोरांनी शिकायचे कशाला? उत्तर त्या एका ओळीत आहे. मशीनला ती अनावश्यक वाटली, कारण ऊसतोडीला गेलेले घर तिने पाहिले नव्हते. शहरातल्या हुशार प्रोग्रामरलाही कदाचित तसेच वाटले असते. ती ओळ का हवी, हे सांगणारा माणूस आपल्यातूनच यावा लागेल. आणि त्याला कोड वाचता आला पाहिजे. ज्याला वाचता येत नाही, त्याला मशीन जे देईल ते निमूटपणे स्वीकारावे लागते. दुसऱ्याने लिहिलेले निमूटपणे स्वीकारण्याची किंमत काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्या तिन्ही मुलांचा दंड रद्द झाला. भाचा स्वतः त्या मुलीच्या घरी जाऊन सांगून आला. सूचनांच्या फाईलीत आता पहिलीच ओळ आहे: ‘ही अभ्यासिका कोणालाही दारातून परत पाठवण्यासाठी नाही.’

तरुण मित्रांनो, मदतनीस जरूर वापरा. पण आपले नियम आणि त्यामागची कारणे आपल्या हाताने लिहून ठेवा. जे लिहिले नाही, ते पुसले जाते!