आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ जपताना

घर आवरताना एखाद्या जुन्या पेटीत आजोबांचा किंवा पणजोबांचा वस्तरा हाती लागतो. पातं गंजलेलं, मूठ पांढुरकी पडलेली, कडेला एखादा पापुद्रा सुटलेला. तेलात बुडवून ठेवावा किंवा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा, असं लगेच मनात येतं. पण जरा थांबा. गंज उद्याही काढता येईल, घाईत तडकलेली मूठ मात्र पुन्हा मिळणार नाही.

मूठ नक्की कशाची?

इंग्लंडमधल्या शेफिल्डला आणि जर्मनीतल्या झोलिंगेनला बनलेले वस्तरे जगभर जात. त्यातल्या अनेकांच्या मुठी म्हशीच्या किंवा बैलाच्या शिंगाच्या असत. शिंग कापायचं, उष्णतेने मऊ करायचं आणि दाबून सपाट करायचं, अशी ही पद्धत. म्हशीची शिंगं भारतातूनही शेफिल्डला जात. तुमच्या हातातली मूठ कदाचित इथून तिकडे जाऊन परत आलेली असेल!

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड आलं आणि त्याच्या मुठी हुबेहूब शिंगासारख्या बनू लागल्या. ओळखायचं कसं? मूठ उजेडात धरा. शिंगात केसासारख्या बारीक रेषा आणि थर दिसतात. फिकट शिंगाच्या पातळ कडेतून थोडा उजेडही आरपार येतो. सेल्युलॉइड बोटाने जोरात चोळलं तर कापरासारखा वास येतो. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय मात्र चुकूनही करू नका, कारण सेल्युलॉइड झटकन पेट घेतं.

शिंग खराब का होतं?

आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे असतात, त्याचंच शिंगही असतं. फार कोरड्या हवेत ते आक्रसतं, थर सुटतात, भेगा पडतात. पाण्यात राहिलं तर फुगतं आणि वाकडं होतं. लोकरीचे कपडे खाणाऱ्या किड्यांच्या अळ्यांना शिंगही आवडतं. मुठीवर दिसणारे बारीक खड्डे बहुधा त्यांचेच असतात.

आधी दुरुस्ती, मग तेल

बहुतेकांची चूक इथेच होते. आधी तेल लावलं की भेगेत तेल मुरतं आणि मग गोंद धरत नाही. म्हणून हा क्रम पाळा.

१. सुरुवातीलाच पात्याच्या धारेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा. जुना वस्तराही खोल कापतो. हे काम मुलांपासून दूर बसूनच करा.

२. किंचित ओल्या मऊ कापडाने मूठ पुसा आणि लगेच कोरडी करा. मुठीच्या खिळ्यांभोवतीचा मळ लाकडी टूथपिकने काढा.

३. बारीक भेगेत पातळ इन्स्टंट गोंदाचा एकच थेंब सोडा, भेग हलकेच दाबून धरा. खड्डा असेल तर शिंगाची बारीक पूड भरून त्यावर थेंब सोडा. खिडकी उघडी ठेवा.

४. गोंद रात्रभर सुकू द्या. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने फक्त तेवढाच भाग घासा. पुढे १००० आणि शेवटी २००० नंबर वापरा. पेपर जरासा ओला ठेवा आणि तोंडावर मास्क लावा, म्हणजे शिंगाची धूळ नाकात जाणार नाही.

५. आता तेल. चामड्यासाठी वापरलं जाणारं नीट्सफूट ऑइल चांगलं. ते नसेल तर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन चालेल. बोटाने पातळ थर लावा, दिवसभर ठेवा, पुसून टाका. शिंग तेल शोषत असेल तोवर काही दिवस हेच करा. फिकट शिंग तेलाने थोडं गडद होतं, म्हणून आधी आतल्या बाजूला लावून पाहा. खोबरेल तेल नको, ते पुढे खवट होतं.

हे घरी करू नका

मूठ वाकली असेल किंवा थर लांबवर सुटले असतील तर मुठीचे पितळी खिळे काढावे लागतात. ते ठोकून काढताना भोकाजवळचं शिंग हमखास तडकतं. असं काम शिंगाच्या जाणत्या कारागिराकडेच द्या. उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये शिंगकामाचा मोठा व्यवसाय आहे. जवळ असा कारागीर नसेल तर वाकडी मूठ तशीच राहू द्या.

नंतरची काळजी

वस्तरा चामड्याच्या जुन्या म्यानात ठेवू नका, त्यात ओल धरते आणि पातं गंजतं. पात्याला तेलाचा हात फिरवा, वस्तरा सुती कापडात गुंडाळून उन्हापासून दूर ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा बाहेर काढून पाहा. त्याने दाढी करायची इच्छा असेल तर आधी जाणकाराकडून धार लावून घ्या.

आणि हो, मुठीवरचा प्रत्येक ओरखडा घालवायचा हट्ट धरू नका. रोज अंगठा टेकून झिजलेली जागा म्हणजे दुरुस्त करायचा दोष नव्हे. ती आजोबांच्या हाताची खूण आहे.