लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक कार्डं: नेमकी कुठली दोन?

"काका, याच्यात दोन ग्राफिक कार्डं आहेत!" शेजारचा अकरावीतला मुलगा नवा लॅपटॉप उघडाच हातात धरून घरी आला. टास्क मॅनेजरमध्ये डावीकडे जीपीयू ० आणि त्याच्या खाली जीपीयू १ दिसत होतं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की दोन्ही मिळून गेम चालवतात, म्हणून तर किंमत जास्त. मी त्याला गेम सुरू करून पुन्हा तिथेच बघायला सांगितलं. एकाचा आलेख वर जाऊन टेकला आणि दुसरा तळाशी नुसता रेंगाळत राहिला.

गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज हाच. यादीतलं एक कार्ड प्रोसेसरच्या आतच बसवलेलं असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या रॅममधूनच वाटा घेतं. दुसरं स्वतंत्र कार्ड, स्वतःच्या मेमरीसह. ही दोघं खांद्याला खांदा लावून काम करत नाहीत, पाळ्या वाटून घेतात. ब्राउझर, वर्ड, सिनेमा ही कामं लहान कार्डाकडे, गेम मोठ्याकडे. एनव्हिडियाने ही व्यवस्था २०१० मध्ये 'ऑप्टिमस' या नावाने आणली. तिचा हेतू बॅटरी वाचवण्याचा होता, वेग वाढवण्याचा नव्हे.

उलट तिच्यात वेगाची थोडी गळतीच होते. लॅपटॉपचा पडदा बहुतेक वेळा लहान कार्डाला जोडलेला असतो. मोठ्या कार्डाने चित्र तयार केलं की ते आधी लहान कार्डाकडे जातं आणि मग पडद्यावर उमटतं. या वळशात काही फ्रेम जातात. त्यावर उपाय म्हणजे 'मक्स स्विच'. त्यामुळे पडदा थेट मोठ्या कार्डाला जोडता येतो. लॅपटॉप घेताना कार्डं मोजण्याऐवजी हा स्विच आहे का, ते विचारावं.

मग खरोखरच दोन मोठी कार्डं एकत्र चालवणारे लॅपटॉप नव्हतेच का? होते, आणि त्यांचा थाटही मोठा होता. दोन कार्डं जोडण्याची कल्पना थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये व्हूडू २ या कार्डाबरोबर 'एसएलआय' नावाने बाजारात आणली. पुढे ही कंपनी बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली. २००४ मध्ये एनव्हिडियाने तेच नाव नव्या अर्थाने परत आणलं, पुढच्याच वर्षी एटीआयचं 'क्रॉसफायर' आलं आणि हळूहळू हे वारं लॅपटॉपपर्यंत पोचलं. या साऱ्याचा कळस म्हणजे २०१७ चा एसरचा प्रेडेटर २१ एक्स. त्यात दोन जीटीएक्स १०८० कार्डं, २१ इंची वक्र पडदा, आठ किलोंच्या घरात वजन, दोन वेगळे अडॅप्टर आणि अमेरिकेत ८,९९९ डॉलर किंमत.

असे जुने लॅपटॉप आजही कधी कधी सेकंडहँड बाजारात दिसतात आणि कमी किमतीत दुप्पट ताकद मिळेल या आशेने कॉलेजची मुलं त्यांच्या मोहात पडतात. म्हणून इथे जरा तपशिलात सांगतो.

ही दोन कार्डं बहुधा आळीपाळीने फ्रेम काढायची, एक याने, एक त्याने. गणिताने वेग दुप्पट व्हायला हवा. पण दोघांचा ताल जुळला नाही, तर एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत येते आणि पुढची २५ मिलिसेकंदांनी. सरासरी साडेसोळा, म्हणजे कोपऱ्यातला आकडा सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो. डोळ्याला मात्र ती २५ मिलिसेकंदांची खोळंबलेली फ्रेमच खुपते आणि खेळ ४० फ्रेमवर चालल्यासारखा वाटतो. आकडा खोटा नसतो, तरी हात आणि डोळे सांगतात की काहीतरी अडखळतंय. शिवाय नव्या गेममध्ये कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती आधीची फ्रेम दुसऱ्याच कार्डाकडे असली, तर दरवेळी तिथून आणावी लागते आणि आळीपाळीचा फायदा तिथेच संपतो.

मेमरीचंही तसंच. ८ जीबीची दोन कार्डं म्हणजे १६ जीबी असं वाटतं, पण दोन्ही कार्डांना गेमचं तेच सामान आपापल्या मेमरीत ठेवावं लागत असे. गेमच्या वाट्याला आठच येत.

आणि हे सगळं चालायला प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी सोय लागायची. २०२० मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की १ जानेवारी २०२१ पासून अशा नव्या सोयी बनवणार नाही. त्यानंतरचे बहुतेक गेम अशा लॅपटॉपवर एकाच कार्डावर चालतात. दुसरं कार्ड नुसतं वजन वाढवतं. माझं मत स्पष्ट आहे: गेमसाठी असा लॅपटॉप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

एकच कार्ड घ्यायचं ठरलं, तरी नुसत्या नावावर जाऊ नये. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवता येतं. स्टिकर तेच, नाव तेच, पण सडपातळ लॅपटॉपमधलं कार्ड अर्धपोटी असतं आणि जाडजूड लॅपटॉपमधलं पोटभर खातं. लॅपटॉपमधलं ४०९० तर डेस्कटॉपच्या ४०९० पेक्षा वेगळ्याच, लहान चिपवर बनलेलं आहे. त्याची मेमरी १६ जीबी, डेस्कटॉपच्या कार्डाची २४. म्हणून दुकानात वॉटचा आकडा मागावा. दुकानदाराला सांगता आला नाही, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये तो मिळतो.

वीज आली की उष्णता आलीच. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर तापलेली असते. कार्ड ऐंशीच्या पुढे गेलं की स्वतःहून वेग कमी करू लागतं, म्हणजे गार राहायला वावच थोडा उरतो. दोन-तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप खालून उघडला, की पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध धुळीचा घोंगडीसारखा थर सापडतो. बाहेरून तो अजिबात दिसत नाही. चिमट्याने धरला की अख्खी पट्टीच निघून येते. तेवढ्यानेही गेम पुन्हा सुरळीत चाललेला मी पाहिला आहे.

दोन घ्यायचंच असेल, तर रॅमच्या पट्ट्या दोन घ्या. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन लावल्या, की रॅमकडे जाणारा रस्ता दुप्पट रुंद होतो. प्रोसेसरमधल्या लहान कार्डाला हाच रस्ता वापरावा लागतो, त्यामुळे फक्त त्याच कार्डावर हलके गेम खेळणाऱ्याला फरक लगेच जाणवतो.

त्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच होता, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन पायऱ्या आत. तो बदलून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. टास्क मॅनेजरमध्ये आता एकच जीपीयू दिसत होतं. "काका, एक गेलं!" म्हणून तो दचकला. मग त्याने गेम लावला, कोपऱ्यातला आकडा बघितला आणि काही न बोलता खेळत राहिला. निघताना मी त्याला एवढंच सांगितलं, की क्लासला नेताना स्विच पूर्ववत कर, नाहीतर दुपारपर्यंतही बॅटरी पुरायची नाही.