समायोज्य वीजपुरवठा संच

समायोज्य वीजपुरवठा संच म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून कमी दाबाची, हवी तशी कमी-अधिक करता येणारी एकदिश वीज देणारे उपकरण होय. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासणाऱ्यास त्याची गरज लवकरच भासते. कित्येक संवेदकांना ३.३ व्होल्ट लागतात, आर्डुइनो उनोला ५, तर लहान मोटारींना ६ किंवा ९. प्रत्येकासाठी निराळ्या बॅटऱ्या घेत राहणे महागात पडते.

प्राथमिक वीजस्रोत

पूर्वीच्या रचनांत रोहित्र, चार डायोड आणि मोठे धारित्र वापरून २३० व्होल्टची वीज डब्यातच उतरवीत असत. ती रचना योग्य असली, तरी तीत नवशिक्याला जीवघेण्या दाबाशी काम करावे लागते आणि पावसाळ्यातील मुंबईच्या दमट हवेत हा धोका वाढतो. म्हणून शालेय विद्यार्थ्याने जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर प्राथमिक स्रोत म्हणून घेणे अधिक शहाणपणाचे. चार्जर उघडू नये. त्यावर भारतीय मानक ब्यूरोची आयएस १३२५२ ही खूण आहे ना, हे पाहावे. फुगलेला, तडकलेला किंवा वायर सोललेला चार्जर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

साहित्य

मुंबईत सुट्या भागांची मोठी बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळ लॅमिंग्टन रोडवर आहे. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी दुकानदार आणि गिऱ्हाइके जुनेच नाव वापरतात. बोरिवली-अंधेरीहून पश्चिम रेल्वेने थेट जाता येते. मुलुंड-घाटकोपरच्या प्रवाशांना दादरला गाडी बदलावी लागते. दुकानात पाठ्यपुस्तकातील शब्द चालत नाहीत: रोधकाला रेझिस्टर, धारित्राला कपॅसिटर, चल रोधकाला पॉट आणि उष्णता पसरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला हीट सिंक म्हणावे.

कार्यतत्त्व

संचाचा गाभा म्हणजे एलएम ३१७ हा तीन टोकांचा नियंत्रक. तो अमेरिकेतील नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांनी विकसित केला. तो आपल्या निर्गम आणि समायोजन या दोन टोकांमध्ये नेहमी १.२५ व्होल्टचा फरक राखतो. या टोकांमध्ये १२० ओहमचा रोधक जोडल्यास त्यातून सुमारे १०.४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तोच प्रवाह पुढे समायोजन टोक आणि ऋण तार यांमधील १ किलोओहमच्या पॉटमधून जातो. पॉट शून्यावर असताना निर्गम दाब १.२५ व्होल्ट असतो. पूर्ण फिरवल्यावर त्यात १०.४ व्होल्टची भर पडून तो सुमारे ११.७ व्होल्ट होतो. अनेक आकृत्यांत २४० ओहमचा रोधक दाखवतात. परंतु एलएम ३१७ ला स्थिर राहण्यासाठी १० मिलिअँपिअरपर्यंत किमान प्रवाह लागू शकतो, म्हणून १२० ओहम अधिक भरवशाचा.

पॉटचे मधले टोक त्याच्या एका कडेच्या टोकाशी जोडून ठेवावे. आतील सरकता स्पर्श झिजून सुटला, तर दाब ११.७ व्होल्टवर थांबतो. ही जोडणी नसल्यास तो थेट प्रवेश दाबाच्या जवळ जातो.

नियंत्रकाची छापील बाजू समोर धरल्यास डावीकडे समायोजन, मध्ये निर्गम आणि उजवीकडे प्रवेश टोक असते. ७८०५ या सुपरिचित नियंत्रकाचा क्रम याहून वेगळा असल्याने सवयीने केलेली जोडणी हमखास चुकते. शिवाय एलएम ३१७ ची धातूची पाठ निर्गमाशी जोडलेली असते. धातूच्या डब्यावर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला निरोधक बुश घालणे आवश्यक आहे.

प्रवाहमर्यादा

एलएम ३१७ मध्ये अंतर्गत प्रवाहमर्यादा असते, पण ती दीड अँपिअरच्याही वर लागू होते. तेवढ्या प्रवाहात नियंत्रक वाचतो आणि विद्यार्थ्याचा संवेदक जळतो. यासाठी पहिल्या नियंत्रकाच्या आधी दुसरा एलएम ३१७ जोडावा. त्याच्या निर्गम टोकापासून १२ ओहमचा रोधक निघतो. समायोजन टोक त्या रोधकाच्या पलीकडच्या बाजूस जोडतात आणि तिथूनच पहिल्या नियंत्रकास वीज मिळते. १.२५ भागिले १२ या हिशोबाने प्रवाह सुमारे १०४ मिलिअँपिअरवर अडतो. नव्या मंडलाच्या पहिल्या चाचणीला एवढा प्रवाह सहसा पुरतो. मोटारीसाठी खटक्याने २.७ ओहमचा, किमान १ वॅटचा रोधक घेतल्यास मर्यादा सुमारे ०.४६ अँपिअर होते. निर्गमावरील धारित्र १ मायक्रोफॅरडच ठेवावे. मोठ्या धारित्रात साठलेली वीज या मर्यादेला जुमानत नाही.

उष्णता

५ व्होल्टवर ०.४६ अँपिअर घेताना उरलेल्या १४ व्होल्टची उष्णता होते. ही सुमारे ६.४ वॅट, म्हणजे मंडलाला मिळणाऱ्या २.३ वॅटच्या जवळजवळ तिप्पट. हीट सिंकशिवाय नियंत्रकाचे तापमान दर वॅटमागे साधारण ५० अंश सेल्सिअसने वाढते आणि आतील सुरक्षा यंत्रणा त्याला बंद पाडते. म्हणून दोन्ही नियंत्रकांना वेगवेगळे हीट सिंक लावून डब्याला भोके पाडावीत. एलएम २५९६ वर आधारलेली तयार मॉड्यूले सुमारे १५० किलोहर्ट्झने वीज जोडत-तोडत असल्यामुळे पुष्कळ कमी तापतात. मात्र त्यांचा खरखराट रेडिओ आणि ध्वनिवर्धकाच्या मंडलांत उतरतो.

चाचणी

प्रथम काहीही न जोडता मल्टिमीटरने दाब पाहावा व पॉट दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा. त्यानंतर निर्गमावर १०० ओहमचा, किमान २ वॅटचा रोधक लावून ५ व्होल्ट स्थिर राहतात का, हे तपासावे. शेवटी १०० मिलिअँपिअरची मर्यादा ठेवून मल्टिमीटर प्रवाहाच्या १० अँपिअर पट्ट्यावर निर्गमाशी सरळ जोडावा, आकडा ०.१० च्या आसपास आला, तरच संच सूक्ष्मनियंत्रकाला जोडावा.